उपाशीपोटीच्या सकाळी आणि पद्माताई

डॉ. पद्मावती मगदूम यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या एका झोपलेल्या मुलाशेजारी स्टुलावर बसून त्याच्या जागे होण्याची वाट पाहत होत्या.

सत्तरचे दशक निम्मे सरले होते. वैद्यकीचे शिक्षण संपवून मी काम शोधत होतो. रहिमतपूरचा मी, सांगलीत माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. कुणीतरी सांगितले, की इंग्लंडहून परतलेल्या एक बाई कृष्णेच्या घाटाजवळ मुलांचा दवाखाना चालवतात आणि त्यांना मदतनीस हवा आहे. मी दारात उभा राहिलो तेव्हा ताईंनी ओठांवर बोट ठेवले आणि बाकाकडे खूण केली. खिडकीतून आलेला सकाळचा प्रकाश टेबलावरच्या काचेच्या नळ्यांवर पडला होता. पंखा हलकेच फिरत होता. मुलाची आई भिंतीला टेकून पेंगत होती. कितीतरी वेळ त्या खोलीत काहीच घडले नाही, आणि तरीही उठून जावेसे वाटले नाही.

मूल जागे झाले. ताई त्याला म्हणाल्या, "अहो बाळासाहेब, उठलात? आता जरा हात द्या आमच्या हातात." मूल हसले. मग त्यांनी त्याचे रक्त घेतले.

तो गेल्यावर मी शहाणपणा केला. म्हणालो, "झोपेतच टोचलं असतं तर काम लवकर झालं असतं."

"झालं असतं," ताई म्हणाल्या. "पण मग तो पुन्हा कधी दवाखान्यात झोपला नसता." आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "सोमवारपासून येता का, जाधव?"

अशी आमची ओळख झाली. आज ताईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. या गौरवग्रंथात त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या रुग्णसेवेविषयी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते त्या दशकातल्या एका कामाविषयी. ते काम कधी मोठे झाले नाही. बाहेर फारसे कोणाला ठाऊकही नाही. पण ताई कोण आहेत हे मला त्या कामात कळले.

इंग्लंडमधल्या एका गिरणगावात, मुलांच्या रुग्णालयात, ताईंनी काही वर्षे काढली होती. तिथे एकदा दोन मुलगे शेजारच्या खाटांवर होते. एक तिथल्याच सुताराचा, दुसरा गिरणीत कामाला आलेल्या पंजाबी कुटुंबातला. वय सारखे, अंगलट सारखी, उपाशीपोटी रक्तातली साखरही सारखी. मात्र इन्सुलिन मोजले तेव्हा पंजाबी मुलाच्या रक्तात ते कितीतरी अधिक निघाले. तिथल्या डॉक्टरांनी 'साखर ठीक आहे ना, मग झाले' असे म्हणून विषय सोडला. ताईंच्या मनातून तो गेला नाही.

मला समजावून सांगताना त्या म्हणाल्या, "दोन बैलजोड्या सारखंच रान नांगरतात. बांधावरून बघणाऱ्याला दोन्ही रानं सारखीच दिसतात. पण एका जोडीच्या तोंडाला फेस आलेला असतो. आपण साखर मोजतो, म्हणजे फक्त रान बघतो. बैलांकडे कोण बघणार?"

शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की तेवढ्याच साखरेसाठी ते जास्त तयार करावे लागते. काही वर्षे निभते. पुढे बैल थकतात आणि मधुमेह येतो. हे काही समाजांच्या मुलांत लहानपणापासूनच अधिक दिसते का? दिसत असेल तर ते वाडवडिलांकडून येते, की जेवणातून, की आईच्या पोटात असतानाच ठरते? दोन मुलांवरून काहीच सांगता येत नाही, हे ताई सर्वांत आधी सांगत. म्हणून त्या आपल्या मुलुखात परतल्या होत्या. आपल्या मुलांचे रक्त काय सांगते ते त्यांना पाहायचे होते.

साधने बेताची होती. इन्सुलिन मोजण्याची सोय तेव्हा मोजक्याच प्रयोगशाळांत होती. ताईंच्या एक वर्गमैत्रीण पुण्यात तशा एका प्रयोगशाळेत होत्या. त्यांनी आपल्या सवडीने नमुने तपासून द्यायचे कबूल केले. आम्ही गावोगाव जाऊन रक्त घ्यायचे, हाताने फिरवायच्या यंत्रात नळ्या गरगर फिरवून वरचे पिवळसर पाणी वेगळे करायचे, ते बर्फात ठेवायचे आणि कोणीतरी एसटीने पुण्याला पोचवायचे. बर्फ सांगलीच्या कारखान्यातून, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. कधी सांगलीभोवतीची जैन शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची घरे, कधी सातारा आणि पाटणकडची मराठा शेतकऱ्यांची. ताई स्वतः जैन घरातल्या, त्यामुळे एका बाजूला त्या माहेरवाशीण होत्या आणि दुसऱ्या बाजूला पाहुण्या.

रक्त उपाशीपोटी घ्यायचे असल्याने आमचे सारे काम सकाळचे. पाटण खोऱ्यातल्या त्या सकाळी अजूनही माझ्या झोपेत येतात. शाळेचा व्हरांडा, समोर धुके. धुक्यातून आधी खोकला ऐकू यायचा, मग घोंगडीचे टोक दिसायचे, मग आईच्या कडेवरचे किंवा बोटाला धरलेले मूल. कुठेतरी चुलीचा धूर आणि दुधाचा वास. मुलांना भूक लागलेली असे, पण ती रडत नसत. अर्धी झोप डोळ्यांत घेऊन रांगेत उभी राहत. मी यंत्राची मूठ फिरवत असे. त्याच्या घुंघुं आवाजात ताईंचे "अहो यमुनाबाई, अहो तानाजीराव" चालू असायचे. रक्त देऊन झाले की प्रत्येकाला गरम दूध आणि भाकरी. धुके उठून डोंगर दिसू लागले, की आमचे काम संपलेले असायचे. खरेच काही केले की नुसते पाहिले, असा मला संभ्रम पडे.

अशाच एका सकाळी चंद्रा आली. हे तिचे खरे नाव नाही, घरच्यांची नावेही बदलली आहेत, आणि तिचे गावही मी सांगणार नाही. का ते पुढे कळेल. वय दहा-अकरा. वडील मोरे हवालदार, नुकतेच सैन्यातून निवृत्त झालेले. आधीची मुले जगली नव्हती, म्हणून ही एकुलती लेक तुपात आणि साखरेत वाढलेली. हवालदार रजेवर येताना तिच्यासाठी कॅन्टीनमधून गोड दुधाचे डबे आणत. पोर अंगाने चांगली भरलेली होती. तिने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला होता आणि तो ती काढू देईना.

तिची आई हौसाबाई म्हणाल्या, "आवं डॉक्टरीणबाई, मान लय काळी हाय तिची. रोज वजरीनं घासती मी. पर मळ काय निघंना."

ताईंनी टॉवेल हलकेच सोडवला. मान गडद काळी, मखमलीसारखी जाड, आणि मधेमधे घासून लाल झालेली. एका जागी खपली धरली होती. चंद्राने डोळे मिटून घेतले होते. शाळेत मुले तिला 'मळकी' म्हणत, हे मागून कळले.

ताईंनी त्या मानेवर आपला तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. मग म्हणाल्या, "हौसाबाई, हा मळ नाही. आजपासून घासायचं नाही. खोबरेल तेल लावा."

पुण्याहून आकडे आले तेव्हा चंद्राची साखर ठीक होती. इन्सुलिन मात्र इतके होते, की ताईंच्या मैत्रिणीला आपलेच काही चुकले असे वाटून त्यांनी तोच नमुना पुन्हा तपासला होता. मानेचा तो काळेपणा आणि रक्तातले इन्सुलिन यांचे नाते वैद्यकात तेव्हा नुकते कुठे बोलले जाऊ लागले होते. ताईंना ते आधीपासूनच वाटत असावे. त्यांनी हवालदारांना तसे पत्राने कळवले.

पुढच्या खेपेला आम्ही त्या गावी गेलो तेव्हा व्हरांडा रिकामा होता. धुके होते, दूध तापत होते, पण मुले नव्हती. दिवस वर आला तसे सरपंच आणि चार माणसे आली. त्यांच्या मागे काही बायाही येऊन अंतरावर उभ्या राहिल्या. सरपंच भले गृहस्थ होते. त्यांना बोलणे जड जात होते.

"बाई, राग मानू नगा," ते म्हणाले. "पर लोक म्हनत्यात, कुठल्या जातीचं रगत नासकं हाय ते तुमी हुडकताय. हवालदाराच्या पोरीचं नासकं निघालं म्हनं."

"कोण म्हणालं?"

"कोन म्हनलं ते सोडा. उद्या गावाचं नाव झालं, तर आमच्या पोरींना कोन करून घील?"

मोरे हवालदार एका बाजूला ताठ उभे होते. ते म्हणाले, "माझ्या पोरीचं नाव कुनाच्या तोंडात येऊ नये, एवढंच माझं म्हननं हाय. तुमचं काम असंल मोटं. आमाला न्हाई पायजे ते."

मला वाटले, ताई आता शास्त्र समजावतील. मी मनात वाक्येही जुळवू लागलो होतो. ताईंनी डोक्यावरचा पदर काढला. केसांचा अंबाडा उचलून धरला आणि गर्दीकडे पाठ केली. मी त्यांच्याबरोबर काम करू लागून वर्ष होत आले होते, पण त्यांची मान मी कधी पाहिली नव्हती. काळी, मखमलीसारखी, खाली पाठीपर्यंत उतरलेली.

"हौसाबाई, हात लावून बघा," त्या म्हणाल्या.

हौसाबाई पुढे आल्या. त्यांनी आधी एक बोट टेकवले, मग तळवा.

ताई पाठमोऱ्याच बोलू लागल्या, आणि त्यांच्या तोंडून एकदम घरची बोली आली. "हे माझं ल्हानपनापासनं हाय. माझी आई, आमी अव्वा म्हनतो, ती बी रोज घासायची. मळ न्हाई निघाला, कातडं निघालं. आमी जैन, ती पोर मराठ्याची. गोऱ्यांच्या मुलखात बी अशी मान मी बघितलीया. रगत कुनाचंच नासकं न्हाई. कुनाच्या अंगाला एकच काम कराय जास्त कष्ट पडत्यात, कुनाच्या कमी. ते का, एवढंच मी हुडकती. फरक म्हंजे डाग न्हवं."

मग त्यांनी अंबाडा पुन्हा नीट बांधला, पदर घेतला आणि स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "दूध तापलंय. रक्त न देताही मुलांनी प्यायला हरकत नाही."

ही हकीकत मी त्यांची परवानगी घेऊनच लिहीत आहे. "लिहा की," त्या म्हणाल्या, "आता या वयात मानेकडे कोण बघतंय?" पण त्या काळी एका प्रतिष्ठित डॉक्टरीणबाईने परक्या गावातल्या पुरुषांसमोर असे करणे सोपे नव्हते. परतीच्या एसटीत त्या खिडकीला डोके टेकून बसल्या होत्या. सांगली येईपर्यंत त्यांनी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही.

त्या दिवशी मुले आली ती दूध प्यायला. रक्त कुणी दिले नाही. मात्र निघताना मोरे हवालदार फाट्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आले. एसटी दिसू लागली तेव्हा म्हणाले, "बाई, वरच्या साहेबानं हुकूम दिल्यागत सांगा. पोरीसाठी काय करायचं?"

"माझ्याजवळ औषध नाही," ताई म्हणाल्या. "डबे बंद. साखर बंद. आणि रोज चालायचं. तिला एकटीला पाठवू नका, तुम्हीही जा."

हवालदारांनी तो हुकूम अक्षरशः पाळला. रोज सकाळी बाप-लेक खिंडीपर्यंत चालत जाऊ लागले. बाप पुढे ताठ, लेक मागे धापा टाकत. गावात हसू झाले. 'हवालदार पोरीला पलटणीत भरती करतोय' असे लोक म्हणत. चंद्रा पहिले काही दिवस रडली. मग तिची एक मैत्रीण सोबत जाऊ लागली, मग आणखी दोघी. पुढच्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तेव्हा धुक्यातून मुलींची एक लहानशी रांग खिंड उतरून येताना दिसली आणि पुढे हवालदारांचा आवाज ऐकू आला, "चला, पाय उचला." ताई व्हरांड्यातून बघत उभ्या राहिल्या. रक्त घ्यायची वेळ टळत चालली होती. मी आठवण केली तर म्हणाल्या, "थांबा जाधव. आधी हे बघून घेऊ."

त्या गावात पुन्हा मुले रांगेत आली. सगळी नाही, काही घरे शेवटपर्यंत दूरच राहिली, आणि ताईंनी त्यांच्याविषयी कधी वावगा शब्द काढला नाही. चंद्राची मान हळूहळू निवळली. आता ती साताऱ्यात शिक्षिका आहे, तिला मुले आहेत. मान थोडी सावळी राहिली आहे, आणि ती केस वर बांधते.

ताईंच्या तत्त्वनिष्ठेविषयी अनेक जण बोलतात. मला ती पुण्यातल्या एका परिषदेत दिसली. तोवर आमच्याकडे थोडेफार आकडे जमले होते. आपल्या किडकिडीत, बरगड्या दिसणाऱ्या मुलांच्याही रक्तात इन्सुलिन अधिक असावे असे त्यांतून वाटत होते. इंग्लंडमध्ये ताईंनी पाहिलेल्या गोऱ्या मुलांच्या मानाने अधिक. मराठा आणि जैन मुलांत मात्र बोट ठेवावे असे काही हाती लागले नव्हते. मुले थोडी होती. ताईंनी 'हा निष्कर्ष नाही, खूण आहे' असे सुरुवातीलाच सांगितले. भाषण संपल्यावर एक ज्येष्ठ तज्ज्ञ त्यांना भेटले. एका मोठ्या संस्थेचे पाठबळ मिळवून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. अट एवढीच, की मांडणी जातवार व्हावी आणि कोणत्या जातीत 'दोष' जास्त आहे ते स्पष्ट यावे.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मुलाच्या नावापुढे जात लिहायची, तर तो काय खातो, किती चालतो, तो पोटात असताना त्याची आई पोटभर जेवली होती का, हेही लिहू. तेवढं लिहायला तुम्ही वेळ देणार असाल तर मी तयार आहे. आणि 'दोष' हा शब्द मात्र नको."

"शब्दावर अडून बसता?" त्यांनी विचारले.

"त्या शब्दापायी एक व्हरांडा रिकामा झालेला मी बघितलाय," ताई म्हणाल्या.

पाठबळ मिळाले नाही. वर्गमैत्रिणीची दिल्लीला बदली झाली आणि नमुने तपासायची वाट बंद झाली. दशक संपत आले तसे ते कामही थांबले. मला फार वाईट वाटले. माझ्या तरुण डोक्याला ती हार वाटत होती. ताई दवाखान्यात पूर्वीसारख्याच झोपलेल्या मुलांशेजारी बसत. पुढे पुष्कळ वर्षांनी, मोठ्या साधनांनी, याच प्रश्नावर जगभर काम झाले. त्याविषयी वाचले की ताई चष्मा काढून एवढेच म्हणत, "बघितलं कुणीतरी बैलांकडं."

त्यांच्या मायेविषयी किती सांगावे? त्यांचा दिवसातला शेवटचा घास सूर्यास्तापूर्वी असे. आम्हा बाकीच्यांना तसे बंधन नव्हते, पण ताई एकट्या जेवायला बसत नसत. त्यामुळे दौऱ्यावरून परतताना दिवस कलला, की जिथे असू तिथे थांबायचे. उसाला तुरे आलेले, त्यांच्यावर तिरपे ऊन, दूर कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड वास, आणि बांधावर डबा उघडून बसलेल्या ताई. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि सर्वांच्या हातावर मोजून मापून गुळाचा एकच खडा. "जास्त मागू नका, मी डॉक्टर आहे," असे त्या म्हणत, आणि स्वतःचा खडा माझ्या हातावर ठेवत. सूर्य उसाआड जाईपर्यंत डबा रिकामा व्हायचा. पुढे मी खूप ठिकाणी जेवलो. इतके निवांत जेवण पुन्हा मिळाले नाही.

माझे वडील, एकेकाळचे पलटणीतले, रहिमतपूरला अंथरुणाला खिळले होते. मी ताईंना नीटसे सांगितलेही नव्हते. एका रविवारी त्या रेल्वेने एकट्याच आल्या. वडिलांना तपासण्यासारखे काही उरले नव्हते, हे त्यांनी नाडी धरताच ओळखले असणार. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि विचारले, "अप्पा, तुम्ही पलटणीत कुठं कुठं होता?" वडील दुपारभर बोलत राहिले. त्यांतल्या कितीतरी गोष्टी मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. ताई गेल्यावर वडील म्हणाले, "ह्या बाईंनी आज माझी तब्येत ईचारलीच न्हाई. लय बरं वाटलं."

ताईंना स्वतःला चाळिशीनंतर मधुमेह झाला. त्यांनी त्याचे दुःख केले नाही आणि तो लपवलाही नाही. दवाखान्यात आलेल्या मुलांसमोरच त्या स्वतःला सुई टोचून घेतात आणि मुलांना विचारतात, "बघा, मी रडले का?" मुले 'नाही' म्हणून मान हलवतात. एका मुलीने नुकतेच त्यांना सांगितले, "डोळ्यांत आलं होतं थोडं." ताईंनी ते कबूल केले.

या ग्रंथाची जुळवाजुळव चालू असताना मी सांगलीला त्यांच्याकडे गेलो होतो. संध्याकाळचा वारा नदीवरून येत होता आणि त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी विचारले, "ताई, लेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. तुमच्यासाठी काय मागू?"

त्यांनी थोडा वेळ झोका घेतला. "शंभर वर्षं मागू नका, फार होतात," त्या म्हणाल्या. "जेवढी असतील तेवढी असोत. फक्त नजर आणि हात तेवढे शाबूत राहू देत. लहान पोराची शीर बारीक असते हो, जाधव. चुकली की त्याला उगाच दुसऱ्यांदा टोचावं लागतं."

ताईंचे मी आजवर सारे ऐकले. एवढे मात्र ऐकणार नाही. त्यांना शंभर वर्षे लाभोत, पायांत खिंड चढण्याची ताकद राहो, समोर मुलांची रांग असो, आणि प्रत्येक मुलाची शीर त्यांना पहिल्याच खेपेला सापडो.